बिनशेपटीचे राखणदार : कोरियातील दोंगग्योंगी कुत्रे

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्या कुत्र्याला नळीत घालायला शेपूटच नाही, त्याचे काय करायचे? प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु दक्षिण कोरिया देशात अशा कुत्र्यांची एक अस्सल देशी जात आहे. तिचे नाव दोंगग्योंगी. काहींना शेपटीच्या जागी नुसता उंचवटा असतो, तर काहींना बोटा-दोन बोटांचे खुंट. कोणी छाटलेली नव्हे, उपजतच तोकडी.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, परमुलखातल्या कुत्र्याची ही हकीकत आपल्या साप्ताहिकात कशासाठी, असे आपल्याला वाटेल. तिला कारण आहे. ज्या तोकड्या शेपटीवरून ही जात ओळखली जाते, त्याच शेपटीपायी ती एकदा नामशेष व्हायची वेळ आली होती. लोकांनी जातीच्या खुणेला व्यंग समजून तिला हाकलले. दावणीच्या आणि दारच्या जनावराबद्दल असे निकाल आपणही रोज देत असतो. म्हणून हे कुत्रे नीट पाहण्याजोगे आहे.

कुठले हे कुत्रे?

कोरियाच्या आग्नेय भागात ग्योंगजू नावाचे जुने शहर आहे. सिल्ला राज्याची राजधानी म्हणून ते सुमारे हजार वर्षे नांदले. इसवी सन 935 मध्ये ते राज्य संपले. आजही गावात हिरवळीने झाकलेल्या मोठमोठ्या टेकड्या दिसतात. त्या टेकड्या म्हणजे त्या काळच्या राजे-सरदारांची थडगी होत.

सिल्लानंतर कोर्यो घराण्याचे राज्य आले. राजधानी दुसरीकडे गेली आणि या शहराला ‘दोंगग्योंग’, म्हणजे पूर्वेची राजधानी, असे नाव पडले. जपानच्या टोकियो शहराचे नावही याच दोन चिनी अक्षरांनी लिहितात आणि त्याचाही अर्थ तोच. तर या दोंगग्योंगचे कुत्रे ते दोंगग्योंगी. आपल्याकडे जसे देवणीचे ते देवणी बैल, डांगाचे ते डांगी, तसेच हे नाव गावावरून पडले.

कोरियात आज तीन देशी कुत्र्यांना सरकारी संरक्षण आहे. पहिले जिंदो. हे जिंदो बेटावरचे, वळलेल्या भरदार शेपटीचे शिकारी कुत्रे. दुसरे सापसारी. याचे केस इतके लांब की डोळे झाकले जातात. तिसरे आपले हे बिनशेपटीचे दोंगग्योंगी.

अंगलक्षणे

बैल पारखताना आपण शिंगापासून खुरापर्यंत पाहतो. तसेच या कुत्र्याला नाकापासून मागपर्यंत पाहू.

बांधा मध्यम. खांद्यापाशी उंची साधारण दीड फूट, वजन पंधरा-सोळा किलोच्या आगेमागे. नर थोडा उंच व जड, मादी थोडी लहान. म्हणजे आपल्या वस्तीवरच्या गावठी कुत्र्याएवढेच म्हणा. अंग आटोपशीर, स्नायू घट्ट, पाय सरळ. बोजडपणा कुठेच नाही.

डोके वरून पाहिले तर कपाळाकडे रुंद आणि नाकाकडे निमुळते, पाचरीसारखे. कान ताठ उभे, किंचित पुढे झुकलेले. कान लोंबणारे कुत्रे या जातीत धरत नाहीत. डोळे गडद.

केसांचे थर दोन. वरचे केस राठ व सरळ, आतले मऊ व दाट. कोरियात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. त्या थंडीला आतला थर कामी येतो आणि पाऊस, बर्फ वरच्या थरावरून निथळून जाते.

रंग चार. पांढरा, काळा, पिवळसर आणि वाघरा. वाघरा म्हणजे पिवळसर अंगावर काळे पट्टे. कोरियन लोक या चारही रंगांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात आणि वाघऱ्याच्या नावात तर वाघाचाच उल्लेख आहे.

स्वभाव घरच्या माणसांशी अगदी गरीब. अनोळखी माणसाशीही फार लवकर जमवून घेतो, अशी या जातीची ख्याती आहे. पण शिकारीची ओढ तिच्या रक्तात आहे. लहान जनावर दिसले की कान टवकारून पाठलागाला निघते.

आता एवढी सगळी लक्षणे पाहिली, तर यांतली बहुतेक जिंदो कुत्र्यातही सापडतील. ताठ कान, दुहेरी केस, पाचरीसारखे तोंड, मध्यम अंग, हे सगळे तिथेही आहे. फरक पडतो तो मागे. जिंदोची शेपटी पाठीवर वळलेली किंवा विळ्यासारखी उभी असते, तर दोंगग्योंगीची जागा रिकामी.

शेपटी तोकडी म्हणजे काय?

कुत्र्याची शेपटी ही नुसती केसांची झुपकेदार वेणी नव्हे. ती पाठीच्या कण्याचाच शेवटचा भाग आहे. कण्याचे मणके एकापुढे एक मागे जातात आणि लहान-लहान होत शेपटीच्या टोकाला संपतात. साधारण कुत्र्याच्या शेपटीत असे वीसच्या आसपास मणके असतात. दोंगग्योंगीच्या शेपटीत मोजकेच मणके असतात आणि शेवटचे मणके पुरते वाढलेले नसतात. म्हणून कोणाची शेपटी चार-दोन बोटे लांब, तर कोणाची जवळजवळ नाहीच.

हे पोटातच ठरते. गर्भात कणा डोक्याकडून मागे बनत जातो. माळेत मणी ओवत जावे, तसा एकेक तुकडा मागे जोडला जातो. हे ओवण्याचे काम नेहमीपेक्षा लवकर थांबले, की माळ तोकडी राहते. बाकी सगळे अंग पुरे होते, फक्त शेवट आखूड.

शेपटीवाचून अडते का?

आपल्या भाषेत शेपटीने किती काम केले आहे पाहा. घाबरला की शेपूट घालतो. लाड करायचे असले की गोंडा घोळतो. कुत्र्याचे मन शेपटीत दिसते, हे आपल्या जुन्या माणसांनी बरोबर हेरले होते.

मग दोंगग्योंगी गोंडा कसा घोळतो? तो सारा मागचा भागच हलवतो. धनी घरी आला की कमरेपासून मागे सगळे अंग डुलते. माणसाला ते लगेच कळते. ग्योंगजूचे लोक तर त्यावरूनच या कुत्र्याचे कौतुक करतात.

पण कुत्र्याने कुत्र्याला खुणावताना लांब शेपटीचा उपयोग जास्त होतो, हेही खरे. 2008 मध्ये कॅनडातील संशोधकांनी याचा एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दुरून चालवता येणारे खोटे कुत्रे तयार केले. त्याला कधी लांब, तर कधी आखूड शेपटी लावली. शेपटी कधी हलती ठेवली, तर कधी स्थिर. लांब शेपटी हलत असली, की दुसरी कुत्री निर्धास्तपणे जवळ येत आणि ती स्थिर असली, की बिचकत. आखूड शेपटी मात्र हलली काय आणि न हलली काय, त्यांना फरक कळेना. आखूड शेपटीचे कुत्रे परक्या कुत्र्यांशी बोलताना थोडे अडखळते, असा याचा अर्थ. ज्याला शेपटीच कमी, त्याला कान, तोंड आणि अंगाच्या ठेवणीवर भागवावे लागते.

थडग्यातली मातीची कुत्री

ही जात जुनी कशावरून? याला दोन पुरावे आहेत. एक मातीचा, दुसरा कागदाचा.

सिल्ला काळी थडग्यात मृताबरोबर मातीच्या लहान-लहान मूर्ती ठेवण्याची रीत होती. माणसे, बैल, डुकरे, पक्षी, कासवे असे सगळे त्यात असे. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या अशा थडग्यांतून मातीची कुत्रीही निघाली. त्यांतल्या काहींच्या मागे शेपटी अगदी तोकडी आहे. आपल्या बैलपोळ्याचे मातीचे बैल ज्याने हाताने केले असतील, त्याला हे लगेच समजेल. मातीचे जनावर करणारा कारागीर रोज डोळ्यांसमोर असलेले जनावर करतो.

दुसरा पुरावा 1669 सालचा. ग्योंगजूच्या अधिकाऱ्याने, मिन जू-म्योन याने, आपल्या भागाच्या माहितीचा जुना ग्रंथ सुधारून तयार केला. त्याचे नाव ‘दोंगग्योंग जापगी’. इथे आखूड शेपटीची कुत्री आढळतात आणि त्यांना दोंगग्योंगची कुत्री म्हणतात, अशी नोंद त्यात आली आहे. त्या काळच्या लोकांनी याचे कारण जमिनीच्या ठेवणीत शोधले. शहराच्या आजूबाजूच्या भूमीचा आकारच असा, म्हणून कुत्री तशी, असे त्यांचे म्हणणे. कारण चुकले असेल, पण नोंद मोलाची ठरली. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून पाच वर्षे होती, तेव्हा तिकडे कोणी गावच्या कुत्र्याची दखल कागदावर घेतली. त्या दोन ओळींचा उपयोग पुढे साडेतीनशे वर्षांनी झाला.

नशीब फिरले

1910 ते 1945 या काळात कोरियावर जपानचा अंमल होता. त्याच्या अखेरच्या वर्षांत युद्ध पेटले. सैन्याला थंडीच्या कपड्यांसाठी केसाळ कातडी हवी होती. त्यासाठी कोरियातली देशी कुत्री फार मोठ्या संख्येने मारली गेली. जिंदो कुत्र्याला 1938 मध्येच संरक्षण मिळाले होते. ते जपानी कुत्र्यांसारखे दिसत असल्याने बचावले, असे सांगतात. सापसारी आणि दोंगग्योंगी यांना मात्र तसा आधार नव्हता. जपानी देवळांच्या दारात रक्षक प्राण्यांच्या दगडी जोड्या असतात. दोंगग्योंगी त्यांच्यासारखे दिसते म्हणूनही ते मारले गेले, असे ग्योंगजूकडे सांगतात.

परंतु सगळा दोष परक्यांच्या माथी मारून चालणार नाही. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, तरी हे कुत्रे सावरले नाही. आता त्याला घरचेच लोक नको म्हणू लागले. तोकडी शेपटी म्हणजे व्यंग आणि अपशकुन, असा समज पसरला होता. जुनी ओळख विसरली गेली होती. ज्या पिल्लाला शेपटी नाही ते नकोसे, ज्याला शेपटी आहे ते ठेवायचे, असे झाले. शिवाय बाहेरून आलेल्या कुत्र्यांशी सरमिसळ होत गेली.

ज्या खुणेवरून जात ओळखायची, ती खूण असलेलीच पिल्ले वगळली, तर त्या जातीचे काय होणार? दरसाल चांगली कणसे खाऊन टाकली आणि फोलपट बियाण्याला ठेवले, तर वाण किती वर्षे टिकेल? तेच इथे झाले. दोंगग्योंगी मोजक्या घरांतून कशीबशी उरली.

पुन्हा उभी केलेली जात

2000 नंतरच्या दशकात ग्योंगजूच्या काही अभ्यासकांनी या कुत्र्यांचा शोध सुरू केला. गावोगाव फिरून उरलीसुरली तोकड्या शेपटीची कुत्री गोळा केली. अंगलक्षणे मोजली, रक्ताचे नमुने तपासले, पिढ्यांची नोंद ठेवली. जतनासाठी संस्था उभी राहिली. थडग्यातली मातीची कुत्री आणि 1669 चा ग्रंथ हे दोन्ही पुरावे मांडले गेले. अखेर नोव्हेंबर 2012 मध्ये कोरिया सरकारने दोंगग्योंगीला ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून घोषित केले. जिंदो आणि 1992 मध्ये घोषित झालेल्या सापसारीनंतर हा मान मिळवणारे हे तिसरे कुत्रे.

नैसर्गिक स्मारक म्हणजे जुना वृक्ष, दुर्मीळ पक्षी किंवा गुहा, एवढेच तिकडे समजत नाहीत. शेतकऱ्याच्या दारचे जनावरही त्यात बसते. योनसान भागाची काळी कोंबडी 1980 मध्ये, जेजू बेटाचे घोडे 1986 मध्ये, तिथली काळी गाय 2013 मध्ये आणि काळे डुक्कर 2015 मध्ये त्या यादीत आले. देशी जनावर हा देशाचा ठेवा आहे, हे त्यांनी कायद्याने मान्य केले आहे.

ग्योंगजूजवळ यांगदोंग नावाचे जुने खेडे आहे. 2010 मध्ये ते जागतिक वारशात गेले. तिथल्या घरांतूनही दोंगग्योंगी पाळली जातात. जातीचे कुत्रे पिंजऱ्यात न राहता अंगणात, माणसांत आणि पोराबाळांत राहिले, तरच त्याचा स्वभाव टिकतो. जतनातली ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

छाटलेले वंशात उतरत नाही

पुष्कळांना अशी शंका येईल, की पूर्वी कोणी पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या छाटल्या असतील आणि मग ती सवय रक्तात उतरली असेल. तसे होत नाही. ऑगस्ट वाइसमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1880 नंतरच्या दशकात हे पडताळून पाहिले. त्याने पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या, त्यांना पिल्ले होऊ दिली, मग पुढच्या पिढ्यांच्याही छाटल्या. पाच पिढ्यांत 901 पिल्ले झाली. एकाचीही शेपटी तोकडी निघाली नाही.

बैलाचे शिंग मोडले म्हणून वासरू बिनशिंगी जन्मत नाही, तसेच हे. जे बीजात आहे तेच पुढे जाते. जन्मल्यावर सुरीने केलेले पुढे जात नाही.

मग दोंगग्योंगीच्या बीजात काय आहे? उपजत तोकड्या शेपटीची कुत्री जगात आणखीही आहेत. वेल्समधली गुरे राखणारी पेंब्रोक कॉर्गी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या त्यांतल्या काही जाती. त्यांच्यात एका विशिष्ट जनुकात बदल आढळतो. जनुक म्हणजे आई-बापाकडून येणारा गुणाचा दाणा. उंदरांमध्ये हा गुण 1927 मध्येच नोंदला गेला होता. कुत्र्यांतला नेमका बदल 2001 मध्ये सापडला.

या बदलाचे गणित शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. पिल्लाला असा एक दाणा आईकडून किंवा बापाकडून मिळाला, तर शेपटी तोकडी होते आणि पिल्लू धडधाकट असते. पण दोन्हीकडून दोन दाणे मिळाले, तर ते पिल्लू पोटातच मरते. म्हणून त्या जातींत तोकड्याला तोकडी लावली, तर सरासरी चारातला एक गर्भ वाया जातो आणि वेत लहान होते. तोकड्याला लांब शेपटीची मादी लावली, तर गर्भ वाया जात नाहीत आणि सरासरी निम्मी पिल्ले तोकड्या शेपटीची होतात.

दोंगग्योंगीत हाच बदल असेल, असे अभ्यासकांना आधी वाटले होते. तपासले तर तो सापडलाच नाही. मग कोरियन संशोधकांनी या कुत्र्यांची सगळी जनुके वाचून काढली आणि 2017 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वेगळ्याच काही जनुकांकडे बोट दाखवता आले. गुण तोच दिसला, तरी वाट निराळी. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींची मुळे वेगळी असू शकतात, हे आपल्याला पिकांतही दिसते. एक पान खत कमी पडले म्हणून पिवळे होते, दुसरे पाणी साचले म्हणून.

म्हणून कुठलीही तोकडी शेपटी निर्धोकच, असेही समजू नये. आयल ऑफ मॅन या इंग्लंडजवळच्या बेटावरची बिनशेपटी मांजरे प्रसिद्ध आहेत. त्यांच्यात काही पिल्लांचा कणाच अधू असतो. मागचे पाय, लघवी, शौच यांची कामे बिघडतात. खूण आणि व्यंग यांतला फरक नुसता डोळ्यांनी ठरवायचा नसतो, चालून-वागून पाहायचा असतो.

दारच्या पिल्लाची पारख

आपल्या गावातही एखाद्या कुत्रीच्या वेतात तोकड्या शेपटीचे पिल्लू निघू शकते. ते काही कोरियाचे नव्हे. पण त्याच्याबद्दल काय करावे, हे आता सांगता येईल.

प्रथम शेपटीचे टोक चाचपून पाहावे. उपजत तोकडी शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते आणि टोकावर केस पूर्ण असतात. छाटलेल्या किंवा तुटलेल्या शेपटीचे टोक बोथट असते. तिथे व्रण असतो आणि केस उगवत नाहीत.

मग पिल्लाची चाल पाहावी. चारही पाय सारखे टाकते का, बसते-उठते नीट का, लघवी आणि शौच आवरते का? हे सगळे ठीक असेल, तर ते पिल्लू इतर भावंडांइतकेच चांगले आहे. मागचे पाय लुळे वाटले किंवा अंग सतत भिजलेले राहिले, तर मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

कुत्रे तिखट होते म्हणून पिल्लाचे कान किंवा शेपटी कापण्याची रीत अजून काही ठिकाणी दिसते. तिच्यात काही तथ्य नाही. कापल्याने धाडस वाढत नाही. वाढतो तो ताप आणि जखम चिघळण्याचा धोका. शेपटी ही कुत्र्याची जीभ आहे, हे वर पाहिलेच. विनाकारण अवयव कापणे हा 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या कायद्यानेही गुन्हा आहे.

आणि चांगल्या कुत्र्यापासून पिल्ले धरायची असतील, तर एकाच खुणेच्या मागे लागू नये. नुसती शेपटी, नुसता रंग किंवा नुसती उंची पाहून बहीण-भाऊ, बाप-लेक अशी जोडी लावत गेले, की दोन-चार पिढ्यांत खूण पक्की होते खरी, पण पिल्ले मरतुकडी होऊ लागतात. वेते लहान होतात, रोगाला लवकर बळी पडतात. थोड्या जनावरांतून जात वाचवायची असते तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. म्हणून जतन करणारे कोणत्या नराची कोणती पिल्ले, याची वही काटेकोर ठेवतात. बोकड किंवा वळू निवडताना आपल्यालाही तीच वही उपयोगी पडेल.

आपल्या अंगणातली गोम

कोरियन माणसाने शेपटीवरून कुत्रे नाकारले, हे वाचून आपण हसू. पण बाजारात बैल घेताना आपण काय करतो? अंगावरचा भोवरा शोधतो. पाठीवर गोम दिसली की चांगले उमदे जनावर सोडून देतो. केसांची एक उलटी ओळ बैलाचे बळ कमी कशी करील? ‘त्यात एक गोम आहे’ हा शब्दप्रयोगच आपल्या तोंडी बसला आहे. इतकी ती समजूत मुरली आहे. बैलाचे खूर, छाती, खांदा, दात, चाल आणि वय पाहावे. ओढकाम त्यांवर अवलंबून आहे, भोवऱ्यावर नाही.

आपल्या देशी कुत्र्यांची नोंद घ्यायलाही आपल्याला उशीरच झाला. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवतो. त्याने 2020 मध्ये कुत्र्यांच्या तीन जाती नोंदल्या. तमिळनाडूचे राजपालयम व चिप्पीपराई आणि आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ. मुधोळ संस्थान मराठा घोरपड्यांचे. तशी उंच, सडपातळ, वेगवान कुत्री आपल्याकडे सांगली, सोलापूर, लातूर भागांतही धनगर आणि शेतकरी पाळत आले आहेत. नोंद झाली की जातीला नाव मिळते. नाव मिळाले की तिला विचारणारे मिळतात.

एखाद्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याची गाय, शेळी, कोंबडी किंवा कुत्रे असेल, तर त्याचे वर्णन वहीत लिहून ठेवावे. रंग, उंची, कान, शिंग, शेपटी, काम, दूध, वेत, स्वभाव आणि आजीने सांगितलेले नाव, सगळे लिहावे. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला ते दाखवावे. शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतील.

दोंगग्योंगीला वाचवायला कोणी मोठी यंत्रे लागली नाहीत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने मातीत जे पाहिले ते केले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याने जे पाहिले ते लिहिले. आणि काही मोजक्या घरांनी, लोक नावे ठेवत असताना, बिनशेपटीच्या पिल्लाला भाकर घातली. या तिघांतले एकही नसते, तर आज ही जात उरली नसती. पहिली दोन कामे करणारे लोक क्वचित जन्मतात. तिसरे काम मात्र कोणत्याही घराला करता येते. पुढच्या वेतात एखादे वेगळे दिसणारे पिल्लू, करडू किंवा वासरू निघाले, तर निकाल देण्याआधी त्याला दोन महिने वाढू द्यावे आणि डोळे उघडे ठेवून पाहावे.